सह्यांचं पान

पनवेलला दुय्यम निबंधक कार्यालयाजवळ माझं टायपिंगचं दुकान आहे. वकील मजकूर पाठवतात, मी तो मांडून छापते. पान कुठे तुटावं हे कॉम्प्युटर स्वतःच ठरवतो, आणि त्याला अक्कल नाही. मथळा एका पानाच्या तळाशी ठेवतो, मजकूर दुसऱ्यावर ढकलतो. ते सावरण्यात माझा निम्मा दिवस जातो.

उरणकडच्या एका गावातले दोन भाऊ वाटणीपत्रासाठी आले, सोबत थोरल्याची बायको. नोंदणीचं टोकन त्याच दिवसाचं. "लय वर्सांनी बोलायला लागलेत," वहिनींनी मला आल्याआल्याच सांगितलं. "आज सह्या झाल्या नाय तर परत कोर्ट."

मी प्रिंट काढली. थोरल्याने शेवटचं पान उचललं. "मॅडम, ह्यावर काय लिवलेलंच नाय."

"शेठ, ते सह्यांचं पान आहे."

"म्हंजे ह्याच्या मागं कोन काय पन जोडंल. आमच्या बापानं असाच कोऱ्यावर अंगठा दिला, खाडीकडचं शेत गेलं. आमी नाय करत."

मी ओळींमधलं अंतर कमी केलं. सह्या मागच्या पानावर चढल्या, पण चतुःसीमेचा तक्ता मधेच तुटला.

धाकट्याने पान उलटंसुलटं करून पाहिलं. "पूर्व हाय, पश्चिम हाय. माझ्या जमिनीला दोनच बाजू काय?"

"तुला दोन पुष्कळ," थोरला म्हणाला. वहिनींनी त्याला कोपर मारलं.

मी अंतर पूर्ववत केलं आणि शेवटचं कलम सह्यांना बांधून टाकलं, म्हणजे गेली तर दोन्ही एकत्रच पुढच्या पानावर जातील. पान झकास दिसू लागलं. वर एकच कलम, खाली सह्या.

घोटाळा तिथेच झाला. आधीच्या पानांवर सगळी शेतजमीन होती, ती कोणी वाचली नव्हती. हे एकटं कलम मात्र दोघांनी वाचलं. बांधावरचा फणस धाकट्याचा, असं त्यात होतं.

"फणस ह्याचा? लावला कोनी?"

"पानी कोनी घातलं?"

"फणसाला पानी घालतात काय रे?"

बाहेर टोकनचा पुकारा जवळ येत होता. वाटणीपत्र आता परत जाणार, अशी माझी खात्री झाली. तेवढ्यात वहिनी उठल्या. "गप बसा दोघं! फणस कापतं कोन? चिकानं हात कोनाचे भरतात? फणस माझा. लिवा मॅडम."

दोघं आपापल्या चपलांकडे बघू लागले. मी वकिलाला फोन लावला. "भाऊ कबूल असतील तर माझं काय जातंय?" तो म्हणाला. मी भावांना विचारलं. थोरल्याने मान हलवली. धाकट्याने आधी वहिनींकडे पाहिलं, मग हलवली. मी कलम बदललं, पान काढलं आणि ते सगळे धावत सुटले.

तासाभराने सह्या उरकून तिघं दुकानावरून परत जाताना दिसले. धाकटा वहिनींच्या मागे मागे चालला होता.

"वयनी, मना एक तरी?"

"मागायला घरात यायचं. रस्त्यावरून हाक मारलीस तर नुसत्या आठळ्या मिळतील."