चाळीस पात्यांवरचा हात

ती घटना आजही आठवते, असं लिहायला बसलो खरा. पण मला आधी घटना आठवतच नाही. आधी आठवतो तो हात. चार बोटं, अर्धा तळवा आणि बाहेरच्या बाजूला वाकलेली करंगळी. पोलादाच्या पात्यावर गंजाने उमटलेला. खून, दरोडे, खाडीतली प्रेतं हे सगळं बघून झालेला मी माणूस. तरी त्या हाताने माझ्या अंगावर काटा आणला होता, हे आता निवृत्तीनंतर कबूल करायला लाज वाटत नाही.

तेव्हा मी मिरा रोडच्या एका पोलीस ठाण्यात निरीक्षक होतो. सणवार जवळ आले की "अमुक घरात तलवारी लपवल्यात" अशा खबरा यायच्या. त्यातली एक खबर दरवर्षी ठरलेली. सिल्व्हर पार्कमधल्या एका इमारतीत तिसऱ्या मजल्यावर एक म्हातारा राहतो आणि त्याच्याकडे तलवारींचा साठा आहे. साठा होताच. हे गृहस्थ मूळचे रत्नागिरीकडचे, जहाजावर इंजिनीअर म्हणून नोकरी केलेले. बंदराबंदरांतून त्यांनी जुन्या युरोपियन तलवारी जमवल्या होत्या. कागदपत्रांची जाडजूड फाइल घेऊन ते दरवर्षी स्वतःच ठाण्यात यायचे आणि नव्या अधिकाऱ्याला तासभर पकवून जायचे. आम्ही त्यांना काका म्हणायचो.

त्या वर्षी काका फाइल न घेता आले. खुर्चीच्या कडेवर बसले.

"एक तलवार चोरीला गेलीय," ते म्हणाले. मग आवाज खाली आणून, "आणि बाकीच्यांवर हात उमटतोय. दर रविवारी एकीवर."

ठाणे अंमलदाराने लिहिता लिहिता पेन थांबवून माझ्याकडे बघितलं. काकांची बायको जाऊन तेव्हा पाच महिने झाले होते. एकट्या माणसाचं डोकं चालेनासं झालं, असंच आम्हा दोघांनाही वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांच्या घरी गेलो. तलवारींच्या खोलीत खिडक्या बंद, ट्यूबलाइट चालू, आणि मशीनच्या तेलाचा वास भरून राहिलेला. भिंतीला सागवानी कपाट. त्यात एकेचाळीस तलवारी, प्रत्येक सुती खोळीत, खोळीवर नंबर. फ्रेंच घोडदळाची वाकडी, ब्रिटिश पायदळातल्या अधिकाऱ्याची सरळ, पोर्तुगीज नौदलाची. काही तर नुसत्या दरबारी पोशाखाच्या, कमरेला लावून मिरवायच्या. काकांचा नेम असा होता, की दर रविवारी एक तलवार नंबरवार काढायची, जुनं तेल पुसायचं, नवं लावायचं आणि परत ठेवायची. एका तलवारीची पाळी नऊ-दहा महिन्यांनी यायची. उघडा हात त्यांनी स्वतःही कधी लावला नव्हता. कायम हातमोजे.

त्यांनी दहा नंबरची काढून दाखवली. पात्याच्या मध्यावर तपकिरी हात. अकरा नंबर, तोच हात, त्याच जागी. बारा, तेरा. प्रत्येक वेळी म्यानातून पातं सरकताना मी नकळत श्वास धरत होतो. सगळीकडे ती वाकडी करंगळी.

"मागच्या फेरीला या सगळ्या आरशासारख्या होत्या," काका म्हणाले. "आमच्या हिचे दिवस झाल्यावर मी परत सुरुवात केली. तेव्हापासून दर रविवारी पुढच्या तलवारीवर हा हात असतो. मला कुठली काढायचीय ते त्याला आधीच ठाऊक असतं."

शेवटी सत्तावीस नंबरची खोळ. तिच्यात तलवारीऐवजी पडद्याचा रॉड होता. घरात दुसरं कोण येतं, विचारलं. काका म्हणाले, "कामवाली. चावी असते तिच्याकडे."

खबर लगेच मिळाली, आणि सहज मिळालेल्या खबरीवर मी जरा जास्तच विश्वास ठेवला. वॉचमन म्हणाला, "साहब, मैडम अस्पताल गईं ना, उसी टाइम बाई कुछ लंबा सा लेके गई थी. चादर में लपेटा हुआ." नोकराने केलेली चोरी म्हणून गुन्हा दाखल झाला.

कामवाली चाळिशीची, मराठवाड्यातून आलेली, भाईंदर पूर्वेला एका खोलीत राहणारी. नवरा नाही, दोन मुली कॉलेजात. त्याच कॉम्प्लेक्समध्ये काकांचं धरून पाच घरी काम करायची. माझी महिला अंमलदार जीप घेऊन गेली आणि भर सकाळी, गेटवर बायका भाजी घेत उभ्या असताना, तिला बसवून घेऊन आली. बिल्डिंगच्या मागच्या बाजूने आणता आलं असतं. माझ्या डोक्यातही आलं नाही.

तिच्या खोलीची झडती घेतली. तलवार नाही. चादरीतल्या लांब वस्तूचं विचारलं तर तिने कोपऱ्यातली चटई दाखवली. "ताईंनी दिली. मला खाली निजायला." ताई म्हणजे काकांची बायको. आमच्या हवालदाराने चटई उलगडून, झटकून बघितली. बाई नुसती बघत उभी राहिली.

चौकशीत ती सगळ्याला सरळ उत्तरं देत होती. फक्त एका जागी अडली.

"तलवारींना हात लावलास?"

"म्यानं धरली होती मी."

"मग पाती कुणी काढली?"

तिने पदर खांद्यावर ओढून घेतला.

"अगं, बोल ना. तुझ्याच अंगाशी येतंय हे सगळं."

"शपथ घातलीय मला. तुरुंगात टाका, पण नाय बोलणार."

तीस वर्षांच्या नोकरीत मी एक शिकलो होतो. खोटं बोलणारा माणूस फार बोलतो. ही बाई तर तोंडच उघडत नव्हती. तरीही मी तिचा हात शाई लावून कागदावर घेतला. मापाला जवळजवळ जुळला. करंगळी मात्र सरळ होती. पातं पकडताना बोट वाकलं असेल, असं मी मनाला समजावलं. माणूस एकदा ठरवून बसला, की पुराव्यालाच वाकवतो. मी तेच केलं.

दुसऱ्या दिवशी तिला पुन्हा चौकशीला बोलावलं होतं. ती बाकावर बसलेली असताना तिचा फोन तीनदा वाजला, दुपारी अजून एकदा. दर वेळी ती "बरं, भाभी," किंवा "ठीक हय, दीदी," एवढंच म्हणाली. महिला अंमलदाराने आत येऊन सांगितलं, "सर, चारही घरांतून तिला काढलं." मला चहा जाईना. तिची रोजीरोटी माझ्या बाकावर बसल्या बसल्या गेली होती, आणि माझ्या हातात पुरावा म्हणाल तर एक पडद्याचा रॉड.

लोखंडाचं लोखंडवाल्याला विचारावं म्हणून मी त्या संध्याकाळी भाईंदर पूर्वेच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका ओळखीच्या जुन्या टर्नरकडे गेलो. पात्याचे फोटो दाखवले. तो हसला. "साहेब, काही माणसांच्या हाताचा घामच असा खारा असतो. हात लावला की आठवड्यात जॉबच्या लोखंडावर बोटं उमटतात. असल्या पोराला आम्ही पॉलिशला बसवतच नाय. त्यात आपली ही खाडीची हवा." मग त्याने फोटो परत एकदा मोठे करून बघितले. "पण हे सगळे एकाच वयाचे हायत. दहा नंबरचा जुना आन् सव्वीसचा नवा, असं नाय दिसत. एकदम लावलेत."

एकदम. रस्त्यातच मला उलगडलं, आणि हे आधी सुचलं नाही म्हणून मी स्वतःवरच चिडलो.

तिसऱ्या दिवशी सकाळी दोन पंच घेऊन मी काकांकडे गेलो. म्हणालो, सगळ्या तलवारी आत्ता काढायच्या.

"नाही!" काका ओरडले. "त्यांची पाळी आलेली नाही अजून!"

"म्हणूनच काढायच्यात."

मी हातमोजे घातले आणि अठ्ठावीस नंबर ओढली. हात. एकोणतीस. हात. शेवटापर्यंत तोच. मग एक ते नऊ, ज्या काकांनी बायको आजारी पडायच्या आधी स्वतःच्या हाताने पुसून ठेवल्या होत्या. त्यांच्यावरही. टेबल भरलं तशी जमिनीवर चादर अंथरून पाती मांडली. चाळीस पाती आणि चाळीस वेळा तोच हात. जणू कुणी जमिनीखालून वर यायला बघतंय. एक पंच, स्टेशनरीचं दुकान चालवणारा चांगला धट्टाकट्टा गडी, "साहेब, मी बाहेर उभा राहू का?" म्हणाला. मी त्याला थांबवलं, पण मलाही तिथे एकटं राहायचं नव्हतं.

"काका," मी म्हणालो, "हा हात दर रविवारी येत नाही. तुम्ही दर रविवारी बघता, म्हणून तो दर रविवारी दिसतो. कुणीतरी एकाच दिवशी सगळ्यांना हात लावलाय."

मला वाटलं ते सुटकेचा श्वास सोडतील. ते खाली बसले, थेट जमिनीवर, तलवारींच्या मध्ये.

"हा हात मी छत्तीस वर्षं ओळखतोय," ते म्हणाले. "पहिल्याच रविवारी ओळखला. लहानपणी दारात सापडून आमच्या हिची करंगळी वाकली होती."



"मग त्या बाईवर तक्रार का केलीत?" माझा आवाज चढला होता.

"कुणीतरी जिवंत माणूस निघावं म्हणून. तुम्ही म्हणाला असतात की त्या बाईचाच हात आहे, तर मला झोप लागली असती."

मला त्यांचा राग आला आणि त्याच वेळी कीवही. उठून मी घर बघू लागलो. आरोपीच्या खोलीतली चटईसुद्धा आम्ही झटकली होती, पण तक्रारदाराचं घर बघितलंच नव्हतं. बेडरूममध्ये खिडकीचा पडदा परकराच्या नाडीवर लटकत होता. रॉड गायब. पाच महिने रोज सकाळी हा माणूस तो पडदा सरकवत होता.

शेजारी बायकोचं लोखंडी कपाट. "हे उघडलंय का कधी?"

काकांनी मान हलवली. "हिंमत झाली नाही."

पंचांसमोर कपाट उघडलं. नीट घड्या केलेल्या साड्यांवर सत्तावीस नंबरची तलवार, म्यान काढून, उघडी ठेवलेली. दरबारी पोशाखाची, नाजूक, पोलादी मण्यांच्या मुठीची. पण पातं मुठीपासून टोकापर्यंत गंजाने लालभडक. तिने ती पुन्हा पुन्हा हातात घेतली असणार. काकांनी ती बघितली आणि तोंड फिरवलं. मग त्यांनीच सांगितलं, लग्न झालं त्या आठवड्यात तिने कौतुकाने हीच उचलली होती. आठ दिवसांनी बोटं उमटली, तेव्हा काका तिच्यावर असे काही ओरडले, की पुन्हा कधी ती त्या खोलीत केर काढायलाही गेली नाही.

ठाण्यात परतून मी बाईला बोलावून सांगितलं, तलवार सापडली. ती पहिल्यांदा रडली. मग म्हणाली, "आता सापडलीच हाय तर सांगते. शपथ सापडेपर्यंतचीच होती."

हॉस्पिटलात जायच्या आदल्या दिवशी, काका औषधं आणायला गेले असताना, ताईंनी तिला बोलावून घेतलं होतं. तेल पुसायला कापड, म्यानं धरायला ही. ताईंना उभं राहवत नव्हतं, स्टुलावर बसून त्यांनी एकेक पातं हातात घेतलं आणि तळवा दाबून धरला.

"मी म्हटलं, ताई, साहेब चिडतील. तर हसल्या. म्हणल्या, बाई, मी गेल्यावर चाळीस रविवार तरी ते माझा हात हातात घेतील. एवढ्या वर्षांत घेतला नाय."

महिला अंमलदार उठून बाहेर गेली. मी कागद चाळत बसलो, त्यावर काय लिहिलंय ते दिसत नसताना.

गैरसमजुतीतून नोंदलेला गुन्हा म्हणून मी न्यायालयात 'क' समरीचा अहवाल पाठवला. पुढे एकदा काका रस्त्यात भेटले तेव्हा सांगत होते, की गंज त्यांनी काढला नाही. रविवारची पाळी चालू आहे, फक्त आता हातमोजा नाही. मी विचारलं, त्या हाताची भीती नाही वाटत? म्हणाले, "वाटते की. ती असतानाच वाटायला हवी होती."

पण माझ्या दृष्टीने प्रकरण मिटलं नव्हतं. तलवार सापडली त्या दिवशी ठाण्यातच बाईला मी म्हणालो, तू मोकळी आहेस, जा. ती उठेना.

"जाऊ कुठं, साहेब? पाचात चार घरं गेली. पोरींची फी कशी भरू?" आणि मग, न घाबरता, "तुम्ही चला. चारी घरी चला. हाच युनिफॉर्म घालून."

माझ्या हवालदाराला हसू आलं. मला नाही आलं. मी टोपी घातली आणि निघालो.

पहिल्या घरी दार उघडणाऱ्या बाईंचा चेहरा पांढरा पडला. मी सरळ सांगितलं, "चूक आमची होती. हिने काही चोरलेलं नाही." त्यांनी तिला तिथेच हात धरून आत घेतलं. दुसऱ्या घरी म्हणाल्या, "हमको तो पहले से मालूम था," जणू फोन त्यांनी केलाच नव्हता. तिसऱ्या घरी पुढच्या महिन्यापासून ये म्हणाले. चौथ्या घरी सेफ्टी डोअर उघडलंच नाही. जाळीआडून एक आवाज आला, "हमने दूसरी रख ली है." मी माझं बोलणं जाळीशी पूर्ण केलं. आतलं दारही लागलं.

त्या प्रकरणाने मला काय शिकवलं, असं तरुण अधिकारी विचारतात. मी सांगतो, आरोपीच्या घराची झडती घेण्याआधी तक्रारदाराचं घर डोळे उघडे ठेवून बघा, आणि संशयिताला नेताना तिला परत त्याच लोकांत राहायचंय हे ध्यानात ठेवा. ते वहीत लिहून घेतात. जे खरं शिकलो ते मात्र त्यांना सांगता येत नाही. ते त्या चौथ्या दारासमोर शिकलो, जेव्हा बंद दाराकडे बघत मी उभाच राहिलो आणि बाईने माझ्या बाहीला हलकेच हात लावला.

"चला साहेब," ती म्हणाली. "इथं तुमचा युनिफॉर्म कमी पडला."