रिकाम्या यादीचा हिरवा रंग

रुग्णालयात तिला सगळे टिकबाई म्हणत. शस्त्रक्रियेची हत्यारं वाफेवर निर्जंतुक करतात त्या खोलीत तिची अठरा वर्षं गेली. एकेक कात्री, एकेक चिमटा निरखायचा आणि कागदावर टिक मारायची. जड ट्रे उचलून मनगटं कामातून गेली, तेव्हा बेचाळिसाव्या वर्षी ती प्रोग्रॅमिंग शिकायला बसली. नवऱ्याने आधी चेष्टा केली, मग गुपचूप स्वयंपाक अंगावर घेतला.

वर्षभराने तिने त्याच खोलीसाठी प्रोग्रॅम लिहिला. ट्रे भरताना हत्यारावरचा कोड यंत्राला दाखवला की त्याची नोंद यादीत पडे. यादीतलं प्रत्येक हत्यार निर्जंतुक असेल तर पडदा हिरवा, एक जरी राहिलं तर लाल. सहा महिने सगळं सुरळीत चाललं.

एका सकाळी थोरल्या सिस्टरांनी तिला खाली त्या खोलीत बोलावलं. आवाज चढवला नाही, नुसतं पडद्याकडे बोट दाखवलं. पडदा हिरवा होता, पण समोरच्या ट्रेवरची, वाफेत काळी पडणारी पट्टी पांढरीच होती. पट्टीवर नजर गेली म्हणून सिस्टरांनी ट्रे अडवला होता.

तिने यादी उघडली. कोड वाचणारं यंत्र सकाळपासून बंद; यादीत एकही नोंद नाही.

"मग हिरवं कसं?" सिस्टरांनी विचारलं.

"प्रोग्रॅम नापास हत्यार शोधतो. एकही सापडलं नाही, की सगळी पास म्हणतो."

"म्हणजे वर्गात एक पोर नाही, आणि मास्तर सांगतायत शंभर टक्के निकाल."

तिला हसू आलं नाही. रुग्णालयाचे मोठे साहेब म्हणाले, यंत्र बिघडलं एवढं लिहिलं तरी भागेल. तिने अहवालात लिहिलं, चूक माझी. मग प्रोग्रॅम बदलला: यादी रिकामी असेल तर आधी लाल, आणि त्या ट्रेत जितकी हत्यारं असायला हवीत तितक्या नोंदी असतील, तरच पुढची तपासणी.

एवढ्यावर तिचं समाधान होईना. सहा महिन्यांच्या नोंदी उपसल्या, तर आणखी दोन रिकाम्या याद्या हिरव्या निघाल्या. एक ट्रे वापरलाच नव्हता. दुसऱ्याची काळी पडलेली पट्टी रुग्णाच्या कागदांना चिकटवलेली सापडली. तिने ती बोटाने चाचपून पाहिली आणि फाईल कपाटात परत ठेवली.