भिंतीकडे तोंड करून ठेवलेलं चित्र

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलासुद्धा नाही – म्हणजे कालपर्यंत.

सुरुवात माझ्या बावळटपणापासून. नव्वदच्या दशकात आम्ही शारजाला अल नहदात राहायला गेलो. समोरच्या फ्लॅटमधल्या चिनी बाईंना मी हातवारे करत, शब्द सुटे सुटे करून विचारलं, "यू – फ्रॉम – चायना?"

"कलकत्ता, भाईसाब. तीन पीढ़ी से. और आपकी दाल जल रही है."

आमटी खरंच जळत होती.

ह्या बाई म्हणजे मे-लिन, चित्रकार. चित्रांत नेहमी बायकाच. लाल काठाच्या बंगाली साडीतली तिची चिनी आजी, आणि खाली जुन्या चिनी रीतीनं बांधून बांधून मुठीएवढे केलेले पाय. "बाँधे किसने, ये कोई नहीं पूछता," ती म्हणायची. मी मान डोलवायचो. मान डोलवण्यात मी पहिल्यापासून हुशार!

संक्रांतीला आमच्याकडे हळदीकुंकू. मे-लिनला आमंत्रण होतं. माझी आई मात्र स्वयंपाकघरात तिळगुळाच्या वाट्या भरत बसलेली. बाबा गेल्यावर ती आमच्याकडेच राहायची. मेनं विचारलं, "माँजी बाहर क्यों नहीं आतीं?" मी हसून म्हटलं, "उनको भीड़ पसंद नहीं." आईला "तू आतच बस" असं कुणी सांगितलं होतं? मीच की!

मग तिथल्या मराठी मंडळाचं महिला दिनाचं चित्रप्रदर्शन. संयोजक कोण? अस्मादिक! मेनं चित्र आणलं – आमचंच घर, ओळखीच्या बायका, आणि मधोमध सोफ्यावर आई. हिरवी साडी. कपाळावर ठसठशीत कुंकू.

माझं डोकं फिरलं. लोक काय म्हणतील? आणि ह्या चिनी बाईला आमच्या रीती काय कळणार? – तीन पिढ्या कलकत्त्यात काढलेल्या बाईला मी एका क्षणात चीनला धाडून दिलं. चित्र स्टोअररूममध्ये नेलं, भिंतीकडे तोंड करून ठेवलं. आणि तिला सांगितलं, "हॉलवाला अरबी नहीं मानता. खलास." त्या भल्या माणसानं सकाळीच आमच्यासाठी खजुरांचं ताट पाठवलं होतं.

तिनं चित्र उचललं. "इंडियन मुझे चीनी कहते हैं, चीनी मुझे इंडियन. अब माँजी भी मेरे साथ बाहर," एवढंच म्हणाली. पुढे ती कॅनडाला गेली.

त्या संध्याकाळी स्त्रियांच्या सन्मानावर भाषण मीच केलं. टाळ्याही घेतल्या! तो माणूस समोर आला तर त्याच्या कानफटात द्यावीशी वाटते – पण तो रोज सकाळी माझ्याच आरशात दाढी करतो.

आई आता नाही.

काल बायकोला सगळं सांगितलं. ती मेथी निवडत होती. हात थांबले नाहीत.

"कुंकू मेनं मनानं नव्हतं काढलं," ती म्हणाली. "आईंनी मागितलं, मी लावलं. तू ऑफिसला गेलास की दुपारी बसायच्या तिच्यासमोर. प्रदर्शनाच्या दिवशी तीच हिरवी साडी नेसून तयार होत्या. तूच म्हणालास, गाडीत जागा नाही."