मल्लव्वाचा हात

बाळीवेशीत मल्लव्वाच्या कडक भाकरीला तोड नव्हती. पापडासारखी पातळ, तीळ लावलेली, चुलीच्या कडेला उभी करून वाळवलेली. मोडली की शेजारच्या घरात आवाज जायचा. मैंदर्गीहून लग्न होऊन आली तेव्हापासून चाळीस वर्षं ती रोज शंभर भाकऱ्या थापत होती. मोजून शंभर. दहा झाल्या की भिंतीवर कोळशाची एक रेघ.

दम्याच्या औषधाचा हिशेब मात्र तिनं कधी ठेवला नाही. दवाखान्यातून दोन पंप मिळाले होते. निळा ओढला की छाती लगेच मोकळी व्हायची, म्हणून निळा तिचा लाडका. पीठ चाळायचं म्हणून दोन झुरके, चूल पेटवायची म्हणून दोन, सुनेशी भांडायच्या आधी दोन आणि जिंकल्यावर पुन्हा दोन. तपकिरी पंप रोज सकाळ-संध्याकाळ घ्यायचा होता. तो दोन दिवस ओढून काहीच फरक पडला नाही, तेव्हा "लई आळशी हाय ह्यो," म्हणत तिनं त्याला देव्हाऱ्यात नेऊन ठेवला. तिथं त्याला रोज विभूती लागायची, वापर शून्य.

आणि एक दिवस मल्लव्वाचा हात थरथरायला लागला. भाकरी कडेला चिरायची, मध्ये जाड राहायची. आठवडाभरानं तिच्या भाकऱ्या विकणारा दुकानदार सोमशेखर अख्खी चवड परत घेऊन आला.

"मल्लव्वा, गिऱ्हाईक विचारतंय, ही भाकरी हाय का फरशी?"

तो गेल्यावर मल्लव्वा काठवटीसमोर बसून रडली. नवरा गेला तेव्हा या हातानं घर चालवलं होतं. हात गेला तर आपण कोण, हेच तिला कळेना. पण रडणं आवरल्यावर तिनं निदान केलं: दृष्ट!

"सिद्धेश्वरी, मीठ-मिरच्या आण. हाताची दृष्ट काढ."

"आत्या, धूर होईल की," सून म्हणाली.

"होऊ दे. ठसका लागला न्हाय, तर दृष्ट हाय म्हणून समज."

सुनेनं मूठभर लाल मिरच्या हातावरून उतरवून चुलीत टाकल्या. ठसका लागला. असा लागला की दृष्टीची शंकाच मिटली. मल्लव्वानं निळा पंप तोंडाला लावला. दोन झुरके, चार, आठ. दर वेळी धावून येणारा लाडका आज मख्ख. छातीचं दार उघडेना, ओठ काळवंडले. सिद्धेश्वरीनं सासूला अक्षरशः उचलून रिक्षात घातलं. भांडणं सगळी विसरून वाटभर ती रडत होती.

दवाखान्यात मास्क लावून औषधाची वाफ दिली. तासाभरानं मल्लव्वाच्या जिवात जीव आला, तेव्हा डॉक्टर बुद्धप्रियानं विचारलं, "आज्जी, निळा पंप दिवसातून किती वेळा घेता?"

"ते कोण मोजतंय, मॅडम?"

"महिन्याला तीन पंप संपतात," सून म्हणाली.

डॉक्टरनं कपाळाला हात लावला. "आज्जी, निळा फक्त त्या वेळेपुरता श्वास मोकळा करतो. आतली सूज तशीच राहते. तुम्ही त्याच्या भरवशावर राहिलात आणि सूज वाढत गेली. एक दिवस तोही चालत नाही. आज बघितलंत ना? आणि हात थरथरतो, छाती धडधडते, ते त्याच्याच अतिरेकानं. सूज उतरवतो तो तपकिरी. पण त्याला आठवडे लागतात. तो कुठंय?"

"देव्हाऱ्यात," सिद्धेश्वरी म्हणाली.

"म्हंजी दृष्ट न्हवती?" मल्लव्वानं विचारलं.

"नव्हती. आता भाकऱ्या मोजता तसं निळा पंपही मोजायचा. चूल अंगणात न्यायची. पीठ सुनेनं चाळायचं."

चूल अंगणात गेली. तपकिरी पंप देव्हाऱ्यातून निघून चूळ भरायच्या तांब्याशेजारी आला. पहिले पंधरा दिवस मल्लव्वा त्याला रोज शिव्या घालून ओढत होती. मग एका सकाळी भाकरी थापता थापता तिच्या ध्यानात आलं की हात आता थरथरत नाही. ती बराच वेळ नुसती हाताकडे बघत बसली.

दोन महिन्यांनी ती दवाखान्यात आली. हातात भाकऱ्यांची चवड आणि एक कागद. कागदावर कोळशाच्या तीन रेघा.

"महिन्यात निळा तीनदाच," ती म्हणाली.

बुद्धप्रियानं भाकरी मोडली. बाहेर रांगेत बसलेल्यांनी दचकून आत बघितलं. तिनं पहिली खाल्ली, दुसरी खाल्ली, तिसऱ्या भाकरीकडे हात गेला. मल्लव्वानं शांतपणे टेबलावरचं पेन उचललं आणि कागदाच्या मागच्या बाजूला दोन रेघा ओढल्या.

"खावा की, मॅडम. पण मोजून."