एकाच शाईची पानं

मिस व्हर्लीन टब्स यांच्या जेवणाच्या वहीची पानं मी भिंतीवर लावली, ती माझी चूक.

त्या आमच्या गावच्या शाळेची बस चालवतात. मला वाचायला त्यांनीच शिकवलं, चर्चच्या रविवारच्या वर्गात. पुढे मी प्रयोगशाळेचं तंत्रशिक्षण घेऊन मिसिसिपीत परत आलो आणि चर्चमागच्या हॉलात दर शनिवारी साखरेचा वर्ग सुरू केला. मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्यांनी रोज अर्धा तास चालायचं, खाल्लेलं सगळं वहीत लिहायचं आणि बारा आठवड्यांनी रक्त तपासायचं. सगळ्यांत आधी नाव दिलं ते मिस व्हर्लीननी. पोराचा वर्ग आहे म्हटल्यावर मी नको का, म्हणाल्या.

त्यांची पानं पाहण्यासारखी असत. भाजलेली कोंबडी, डुकराच्या चरबीशिवाय शिजवलेली पालेभाजी, बिनसाखरेचा चहा. अक्षर एका रेषेत आणि सातही दिवसांची शाई एकच. प्रयोगशाळेत अशी नोंद एका बैठकीत लिहिल्याच्या संशयानं मी लगेच बाजूला काढली असती. इथे मी दर शनिवारी त्यांचं नवं पान भिंतीवर लावत गेलो आणि बाकीच्यांना सांगत गेलो, असं लिहा.

बारा आठवडे झाले. बोटातून रक्त घेतलं आणि आकडा ज्याचा त्याला चिठ्ठीवर दिला. मिस व्हर्लीनची रक्तातल्या साखरेची तीन महिन्यांची सरासरी आधी ५.९ होती, आता ६.३. साडेसहाला मधुमेह धरतात. त्यांनी चिठ्ठीच्या चार घड्या घालून ती पर्समध्ये टाकली. माझ्याकडे पाहिलं नाही.

मग साक्षी सुरू झाल्या. देवानं काही चांगलं केलं की चारचौघांत उभं राहून सांगायचं, ही आमच्याकडची रीत. मिस व्हर्लीनची नणंद अर्नेस्टीन उठली. तिचा आकडा चांगलाच उतरला होता. भिंतीवरचं पान दर आठवड्याला आपल्या वहीत उतरवून घेऊन ती तेच शिजवत होती.

"व्हर्लीन, चव भिकार होती गं," ती म्हणाली. "पण तू खातेस, तर मला काय धाड भरलीय?"

हॉल हसला. कुणीतरी आमेन म्हणालं.

मिस व्हर्लीन गप्प बसल्या असत्या, तर माझ्याशिवाय कुणालाच कळलं नसतं. पण त्या समोरच्या खुर्चीची पाठ धरून उभ्या राहिल्या.

"ते मी एक दिवसही खाल्लं नाही. शनिवारी सकाळी बसमध्ये बसून आठवड्याचं लिहायचे. आपणच शिकवलेल्या पोराला वाईट पान कसं दाखवू? माझा आकडा वाढलाय."

माझी मान वर होईना. खरं लिहिण्याची सोय मीच त्यांना ठेवली नव्हती.

"म्हणजे ती अळणी पानं मी एकटीच चघळत होते?" अर्नेस्टीननं विचारलं.

"हो."

"मग सोमवारपासून माझ्याकडे जेवायला ये. तूही चघळ."

पुढच्या शनिवारी मिस व्हर्लीननी वही माझ्यासमोर ठेवली आणि खिडकीबाहेर बघत राहिल्या. शाई तीन रंगांची होती. मंगळवारवर रश्शाचा डाग पडला होता. गुरुवारी पीच कॉब्लर हा गोड पदार्थ, एक वाटी. त्यातला 'एक' खोडून वर 'दोन' लिहिलेलं. मी ते पान दोनदा वाचलं आणि वही मिटून त्यांच्या हातात परत दिली. भिंत मी आधीच मोकळी केली होती.