मामा, फेरीबोट आणि परत तीच सकाळ

भुताला न भिणारा पण व्हिडिओ कॅसेटला टरकणारा माणूस अख्ख्या पेडणे महालात एकच झाला, आणि तो म्हणजे पार्सेचे आमचे मामा. गोवा घटक राज्य झालं त्या वर्षी आनंदाच्या भरात त्यांनी म्हापशाहून व्हिसीआर आणि एक इंग्रजी कॅसेट भाड्यानं आणली. भर समुद्रात जहाज, एकेक प्रवासी भयानक रीतीनं मरतो, शेवटी जहाज बुडतं. आणि लगेच पुन्हा सकाळ, तीच माणसं जिवंत! तिसऱ्यांदा तसं झाल्यावर मामांनी व्हिसीआरला दोन थपडा दिल्या आणि दुसऱ्या दिवशी फेरीबोटीनं नदी ओलांडून कॅसेट दुकानदारापुढे आदळली.

"माणसां मेली, नि परत तींच बसून चाय पितत! कॅसेट बिघडली हा तुजी."

"मामा, गोष्टच तशी. त्यांचो तोच दिवस परत परत येता. सुटका नाय," दुकानदार म्हणाला.

मामा पांढरेफटक पडले. परतीच्या बोटीत बघतात तर सकाळचीच मासळीवाली, सकाळचाच खलाशी, त्याचं तेच "फुडे सरा, फुडे सरा"! त्या दिवसापासून बोटीतली एक खेप दुसरीसारखी होऊ द्यायची नाही, असं मामांनी ठरवून टाकलं. कधी सदरा उलटा घालत, कधी दुधी भोपळा काखेत धरून उभे राहत, कधी भर सकाळी खलाशाला "शुभ रात्री" म्हणत. लेकीला बघायला येणाऱ्या मंडळींना आणायला गेले ते दोन पायांत दोन जातीच्या वहाणा घालून. पाहुण्यांनी विचारलं, तर म्हणाले, "तुमच्याच जिवासाठी." सोयरीक मोडली. मामी आठ दिवस बोलल्या नाहीत.

पुढे मामींचं पोटाचं ऑपरेशन म्हापशाच्या इस्पितळात झालं. मामा पेजेचा डबा घेऊन रोज जात, रोज नवं सोंग. शेजारच्या खाटांवरच्या बाया त्यांची वाट बघत. मामी मात्र दुखण्यानं भिंतीकडे तोंड करून पडलेल्या. "झोपच येना नाय रे तिका," मामा मला म्हणाले, आणि पेजेच्या डब्याचं झाकण उगाच उघडत-लावत राहिले.

घरी आणायच्या दिवशी मी टॅक्सी घेऊन आमच्या बाजूच्या चोपड्याच्या धक्क्यावर उभा होतो. दुपारची बोट लागली, सगळे उतरले, पण मामा-मामी बाकावरच. मामींचं डोकं मामांच्या खांद्यावर.

"मामा, उतरूचा नाय?" खलाशी ओरडला.

"हळू रे! पंधरा दिवसांनी डोळो लागलो हा तिचो. चल परत."

बोट पलीकडे शिवोलीला गेली, आली, पुन्हा गेली. खलाशाचं दर खेपेला तेच "फुडे सरा, फुडे सरा", आणि मामा जराही न हलता बसून होते. चौथ्या खेपेला मामींनी डोळे उघडले.

"पावलों काय?"

"हय," मामा म्हणाले, "आत्ताच."