सत्ताविसाव्या मिनिटाचं कलम

वाचनताई हे नाव तिला तिच्या ऐकणाऱ्यांनी दिलं होतं. दृष्टिहीन वाचकांच्या एका ग्रंथालयासाठी ती पुस्तकं वाचून रेकॉर्ड करायची. एकोणीस वर्षं हेच काम. आतल्या खोलीच्या कोपऱ्यात भिंतींना जुन्या रजया ठोकून तिने स्टुडिओ केला होता. माईक, मिक्सर, संगणक, दोन स्पीकर, सगळं एकेक करून जमवलेलं.

एका मंगळवारी ती दात दाखवायला गेली असताना वरच्या मजल्यावरचा पाइप फुटला. ती परतली तेव्हा छतातून धार लागली होती आणि ती नेमकी टेबलावर पडत होती. मिक्सर उचलला तर त्यातून भळाभळा पाणी आलं.

घराचा विमा होता, म्हणून तिने धीर सोडला नाही. फोटो काढले, पावत्या शोधल्या. कंपनीचा सर्व्हेअर आला आणि अकरा मिनिटांत निघालासुद्धा. जाताना माईककडे बघून त्याने विचारलं, "गाण्याबिण्याचा शौक वाटतं?"

"पोट आहे माझं त्यावर," ती म्हणाली.

तीन आठवड्यांनी पत्र आलं. वस्तू जुन्या, म्हणून घसारा वजा. तशा नव्या वस्तू घ्यायच्या तर जो खर्च येईल, त्याचा जेमतेम सातवा हिस्सा मंजूर झाला होता. तेवढ्यात धड माईकही आला नसता. तिने फोन केला तर पलीकडची मुलगी गोड आवाजात म्हणाली, "मॅडम, इलेक्ट्रॉनिक्सची किंमत दरवर्षी पडतेच." नवरा बस चालवायचा, दिवसभर लोकांशी हुज्जत घालून त्याला घरी हुज्जत नको असायची. तो म्हणाला, "मोठ्या कंपनीशी कुठे डोकं लावतेस? देतायत ते घे आणि मोकळी हो."

पण तोंडाला पानं पुसल्यासारखं ते पत्र तिला काही गिळवेना. तिने पॉलिसी काढली. चौतीस बारीक छापाची पानं. मनातल्या मनात वाचून एक अक्षर डोक्यात शिरेना, तेव्हा तिने सवयीप्रमाणे मोबाइलवर रेकॉर्डिंग लावलं आणि मोठ्याने वाचायला घेतलं.

त्याच आठवड्यात ऑपरेटरकाकांचा फोन आला. हे तिचे सर्वांत जुने श्रोते. जन्मापासून डोळ्यांनी अधू, आणि निवृत्तीपर्यंत टेलिफोन ऑपरेटर. "काय गं, पुस्तकं बंद का?"

तिने सगळं सांगितलं. "सध्या पॉलिसीच वाचतेय, काका."

"मग तीच पाठव."

"ते काय ऐकण्यासारखं आहे?"

"तू वाचलंयस ना? पाठव."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती कणीक मळत असताना फोन वाजला. काका घाईत होते. "सत्ताविसावं मिनिट लाव. यादीत नोंदवलेल्या इलेक्ट्रॉनिक वस्तूंना घसारा लागू नाही, तशीच नवी वस्तू घेण्याचा खर्च मिळेल, असं तूच वाचलंयस. तुझ्या वस्तू त्या यादीत आहेत का, तेवढं बघ."

पिठाच्या हातानेच तिने शेवटचं पान उलटलं. माईक, मिक्सर, संगणक, स्पीकर, चारही होते. सहा वर्षांपूर्वी एजंटने 'जादा हप्ता' म्हणून जे काही भरायला लावलं होतं, ते याच्यासाठीच. तेव्हापासून ती दरवर्षी न चुकता भरत होती.

तिने लेखी तक्रार केली. दोनदा तेच ठरीव उत्तर आलं. तिसऱ्या पत्रात तिने वरच्या साहेबांची वेळच मागितली, आणि ती मिळाली.

कंपनीच्या चौथ्या मजल्यावर काचेच्या खोलीत क्लेम विभागाचे साहेब बसले होते, शेजारी तोच सर्व्हेअर. "ताई, नियमापुढे आमचाही इलाज नाही," साहेब म्हणाले.

"नियमच वाचू या ना," ती म्हणाली.

तिने पान नऊ उघडलं आणि कादंबरी वाचावी तसं, प्रत्येक स्वल्पविरामावर थांबत, ते कलम वाचलं. मग यादी वाचली. मग सहा वर्षांच्या हप्त्यांच्या तारखा. आवाज चढवला नाही की पाडला नाही. काचेपलीकडे टाइप करणाऱ्या दोघीजणी हात थांबवून ऐकत होत्या. साहेबांनी आपल्यासमोरच्या प्रतीवर बोट ठेवलं, ते ओळीओळीने सरकवत गेले आणि शेवटी सर्व्हेअरकडे वळले.

"ही यादी तुम्ही पाहिली होती?"

सर्व्हेअरने घसा खाकरला. "घरगुती करमणुकीच्या वस्तू म्हणून धरलं होतं, सर."

"यादी पाहिली होती का, एवढंच विचारलं मी."

साहेबांनी पेन काढलं, जुना आकडा खोडला आणि फाइलवर तिथल्या तिथे नवा शेरा मारून सही केली. "चूक आमची आहे, ताई. पूर्ण रक्कम मिळेल." जिन्यावरून उतरताना तिला हसू आवरेना.

नवव्या दिवशी पैसे जमा झाले. तिने पहिल्यापेक्षा चांगला माईक घेतला. नवरा आता डेपोत ही हकिकत रंगवून सांगतो आणि त्यात 'आम्ही सोडलं नाही' असं म्हणतो. ती त्याला दुरुस्त करत नाही. आठवड्याभरात वरच्या मजल्यावरचे गृहस्थ स्वतःची पॉलिसी घेऊन दारात उभे राहिले. त्यांना ती बसवून घेते, चष्मा लावते आणि म्हणते, "मध्ये बोलायचं नाही हं."